अपुऱ्या मुळाच्या दातात औषध भरताना: पेशींना काय सोसतं, काय नाही

प्रश्न एका तरुण डॉक्टरांचा आहे. नऊ वर्षांचा मुलगा, काही महिन्यांपूर्वी पडून वरच्या पुढच्या दाताला मार बसलेला. आता हिरडीवर फोड आलाय, पल्प (दाताच्या आतली मऊ, जिवंत ऊती) मेलेला आहे, मूळ अर्धवट वाढलेलं आणि टोक उघडं. रिव्हॅस्क्युलरायझेशन, म्हणजे रिकाम्या कॅनालमध्ये रक्त आणून तिथे नवी ऊती वाढू देण्याचा उपचार, करायचं ठरलंय. त्यांच्या कॉलेजात अशा दातांत ट्रिपल अँटिबायोटिक पेस्ट भरत असत. आता त्यांच्या वाचनात आलंय की ही पेस्ट मूलपेशी मारते आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड मारत नाही. तर दुसरे एक सीनियर सांगतात की कॅल्शियम हायड्रॉक्साइडने मूळ ठिसूळ होतं. 'मग भरायचं काय, आणि औषध पेशींना सुरक्षित आहे असं म्हणतात ते कशाच्या आधारावर?' असं त्यांनी विचारलंय.

आधी उत्तर सांगतो. तुम्ही वर्णन केलेल्या दातात मी कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरेन. साधी पावडर, निर्जंतुक पाण्यात किंवा सलाइनमध्ये कालवलेली, कॅनालच्या (मुळातल्या पोकळीच्या) वरच्या, म्हणजे तोंडाकडच्या निम्म्या भागात, दोन ते चार आठवड्यांसाठी. अँटिबायोटिक पेस्ट मी दुसऱ्या फळीत ठेवतो, आणि तीही कॉलेजात करायचो तशी घट्ट नाही. आता यामागची कारणं, कारण ती कळली नाहीत तर पुढच्या केसमध्ये पुन्हा हाच गोंधळ होणार.

नेहमीच्या रूट कॅनालमध्ये आपण शेवटी गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरतो. तिथे कुणी जगायचं नसतं. औषध थोडं विषारी असलं तरी ते टोकाबाहेर गेलं नाही म्हणजे झालं, एवढाच आपला हिशेब. रिव्हॅस्क्युलरायझेशनमध्ये त्याच पोकळीत, त्याच डेंटिनच्या (दाताच्या मुख्य कठीण भागाच्या) भिंतींवर पेशी येऊन चिकटायच्या आहेत, वाढायच्या आहेत. जंतू मारून झाले तरी भिंतीत मुरलेलं औषध पेशींना तिथे टिकू देईल का, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उभा राहतो. शेतकऱ्याला तणनाशक निवडताना जो विचार करावा लागतो तोच हा: तण गेलं पाहिजे, पण पेरलेलं बी उगवेपर्यंत त्याचा अंश जमिनीत राहता कामा नये.

या उपचाराचा इतिहास फार जुना नाही. नायगार्ड-ऑस्टबी यांनी १९६१ मध्ये कॅनालमध्ये रक्ताची गुठळी होऊ देऊन तिथे ऊती वाढते का हे पाहिलं होतं. पण अपुऱ्या मुळाच्या, जंतुसंसर्ग झालेल्या दातात हे जमू शकतं ही गोष्ट इवाया आणि सहकाऱ्यांच्या २००१ मधल्या जपानी केसपासून लोकांच्या लक्षात आली. २००४ मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी ट्रिपल अँटिबायोटिक पेस्ट वापरून एक पद्धत मांडली आणि तीच जगभर गेली. पेस्ट त्यांची नव्हती. जपानमधल्या निगाता विद्यापीठात होशिनो यांच्या गटाने नव्वदच्या दशकात ती तपासली होती: प्राणवायूविना जगणाऱ्या (अॅनारोब) जंतूंसाठी मेट्रोनिडाझोल, त्यातून सुटणाऱ्यांसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन. दाताच्या आत खोलवर दडलेले जंतू मरतात का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर पेस्टने चोख दिलं. टोकापाशी बसलेल्या मूलपेशींचं काय होतं हे तेव्हा कुणी विचारायचं कारणच नव्हतं, कारण उघड्या टोकाच्या खाली असलेल्या मऊ ऊतीतल्या, म्हणजे एपिकल पॅपिलातल्या मूलपेशींची ओळखच मुळी २००६ च्या सुमाराला सोनोयामा आणि सहकाऱ्यांच्या कामातून पटली.

या पेशींवर औषधं थेट टाकून पाहण्याचं काम टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या गटाने केलं. रुपारेल, टेशेरा, फेराझ आणि डायोजिनिस यांचा २०१२ चा अभ्यास तुम्ही वाचलेला दिसतोय. त्यात ट्रिपल पेस्ट, मिनोसायक्लिन वगळलेली दुहेरी पेस्ट, मिनोसायक्लिनऐवजी सेफॅक्लोर घातलेली पेस्ट आणि ऑगमेंटिन, या सगळ्यांनी प्रमाण वाढेल तशा पेशी मारल्या. कॅल्शियम हायड्रॉक्साइडने तपासलेल्या कुठल्याच प्रमाणात मारल्या नाहीत. यातला 'प्रमाण वाढेल तशा' हा भाग महत्त्वाचा आहे आणि तोच वाचताना निसटतो. पेस्ट मारते की नाही असा तो निकाल नाहीच. किती घट्ट पेस्ट मारते, असा आहे.

आपल्या क्लिनिकमध्ये ही पेस्ट कशी बनते ते आठवा. सिप्रोफ्लॉक्सासिनची ५०० ची गोळी, मेट्रोनिडाझोलची ४०० ची, मिनोसायक्लिनची १०० ची. ब्लेडने वरचं कोटिंग खरवडायचं, खलात वेगवेगळी पूड करायची, ग्लास स्लॅबवर तिन्हींचा सारखा ढीग मांडायचा आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलचे थेंब टाकत स्पॅच्युलाने घोटायचं, फाईलच्या (कॅनाल घासायच्या बारीक अवजाराच्या) टोकाला चिकटून राहील इतकं घट्ट होईपर्यंत. समजा पूड ३०० मिलिग्रॅम भरली आणि द्रव गेला जेमतेम ०.३ मिलिलिटर. हे झालं मिलिलिटरला १००० मिलिग्रॅम. अमेरिकन एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनाल तज्ज्ञ) संघटनेने सुचवलेलं प्रमाण आधी मिलिलिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅम होतं, नंतरच्या आवृत्तीत १ ते ५ मिलिग्रॅम. म्हणजे आपण डोळ्यांनी अंदाज घेऊन बनवलेली पेस्ट या नंतरच्या शिफारशीपेक्षाही दोनशे ते हजार पट तीव्र असते. 'मी जरा पातळ करतो' असं म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. ती स्लॅबवर ओघळायला लागली तरी मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅमच्या घरातच असते. १ मिलिग्रॅमचं मिश्रण दिसायला जवळपास पाणीच असतं. ते कॅनालमध्ये थांबत नाही, म्हणून त्याला मिथाइल सेल्युलोजसारख्या जेलचा आधार द्यावा लागतो.

हजार मिलिग्रॅम आणि एक मिलिग्रॅम यातला फरक कागदावरचा नाही. अल्थुमैरी, टेशेरा आणि डायोजिनिस यांनी २०१४ मध्ये पेशी थेट औषधात न टाकता आधी डेंटिनला औषध लावलं, सात दिवस ठेवलं, धुतलं आणि मग त्या डेंटिनवर पेशी वाढवल्या. आपल्या उपचाराच्या हे जास्त जवळ आहे. हजार मिलिग्रॅमची पेस्ट लावलेल्या डेंटिनवर जिवंत पेशी उरल्या नाहीत. एक मिलिग्रॅम लावलेल्या डेंटिनवर तगल्या. कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावलेल्या डेंटिनवर तर औषध न लावलेल्यापेक्षाही चांगल्या वाढल्या.

मला स्वतःला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते त्याच वर्षीच्या बर्कहॉफ आणि सहकाऱ्यांच्या कामाने. त्यांनी किरणोत्सारी खूण लावलेली औषधं कॅनालमध्ये भरली आणि वेगवेगळ्या पद्धतींनी धुऊन किती निघतं ते मोजलं. ट्रिपल पेस्टचा सुमारे ८८ टक्के भाग आतच राहिला. साधी सिरिंज वापरा की आणखी काही, कुठल्याच पद्धतीने पाचव्या हिश्शापेक्षा जास्त निघाली नाही. त्यातली जवळपास निम्मी डेंटिनमध्ये ३५० मायक्रॉनपर्यंत मुरलेली होती. कॅल्शियम हायड्रॉक्साइड ९८ टक्क्यांपर्यंत निघालं आणि उरलेलं वरच्या थरातच होतं.

आता हे दोन निकाल शेजारी ठेवा. आपण हजार मिलिग्रॅमची पेस्ट भरतो, तीन आठवड्यांनी वीस मिलिलिटर सलाइनने धुतो, पेपर पॉइंट (आत घालायची कागदी वात) कोरडा आणि स्वच्छ आला की समाधान मानतो, रक्त आणतो. त्या रक्तातून आलेल्या पेशी ज्या भिंतीला चिकटायच्या आहेत, त्या भिंतीत पेस्टचा बहुतेक भाग अजून आहे आणि तो हळूहळू बाहेर झिरपणार आहे. म्हणून अशा दातात औषध निवडताना मी आधी विचारतो की ते परत काढता येतं का. जंतू मारण्याची ताकद त्यानंतर.

या बाजूने बोलताना दुसरी बाजू लपवणं बरोबर नाही. घट्ट ट्रिपल पेस्ट वापरलेल्या कितीतरी दातांची मुळं वाढली आहेत, भिंती जाड झाल्या आहेत, आणि ते एक्स-रे खोटे नाहीत. बोस, नुमिकोस्की आणि हारग्रीव्ह्ज यांनी २००९ मध्ये वेगवेगळी औषधं वापरलेल्या रिव्हॅस्क्युलरायझेशनसारख्या ५४ केसेसचे एक्स-रे मोजले तेव्हा भिंतीची जाडी वाढण्यात ट्रिपल पेस्ट कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या आणि फॉर्मोक्रेसॉल या जुन्या औषधाच्या पुढे होती. मग प्रयोगशाळा खोटी म्हणायची का? माझं मत असं: उघड्या टोकाखाली रक्तप्रवाह चालू असतो, तो औषध सतत वाहून नेतो. पेशीही फक्त टोकाशी टेकलेल्याच येतात असं नाही, खालूनही येतात. शिवाय घट्ट पेस्ट जंतू इतके साफ करते की तिच्या विषारीपणाची काही प्रमाणात भरपाई होत असावी. प्लास्टिकच्या ताटलीत एका थरात वाढणाऱ्या पेशींना यातलं काहीच मिळत नाही.

बोस यांच्या त्याच अभ्यासात एक तपशील आहे, आणि माझ्या रोजच्या कामात तो सगळ्यात उपयोगी पडला. कॅल्शियम हायड्रॉक्साइड कॅनालच्या वरच्या निम्म्या भागातच ठेवलेल्या दातांत भिंतीची जाडी सुमारे ५४ टक्क्यांनी वाढली होती. ते निम्म्याच्या खाली टोकाकडे नेलेल्या दातांत वाढ होती ३ टक्क्यांच्या आसपास. औषध तेच, दात तसेच, फरक फक्त कुठवर भरलं याचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच साडेबाराच्या घरात असतो. जिवंत ऊतीला ते थेट लागलं की तो थर जळतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना ते सोसलं याचा अर्थ टोकाच्या पॅपिलावर ते दाबून भरायला मोकळीक मिळाली असा होत नाही. म्हणून अशा दातात मी लेंट्युलो (औषध फिरवत आत ढकलणारी स्प्रिंग) वापरत नाही. पावडर घट्ट कालवून प्लगरने (दाबायच्या बोथट अवजाराने) वरच्या भागात बसवतो आणि एक्स-रे घेऊन बघतो. टोकापर्यंत पांढरं दिसलं तर ते धुऊन पुन्हा भरतो.

तुमच्या सीनियरांच्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते वेगळ्या उपचारातलं आहे. जुन्या अपेक्सिफिकेशनमध्ये (उघड्या टोकाशी कठीण अडसर तयार करण्याच्या उपचारात) कॅल्शियम हायड्रॉक्साइड महिनोन् महिने, कधी वर्षाहून जास्त आत असायचं. अँड्रियासन, फारिक आणि मुंक्सगार्ड यांनी २००२ मध्ये मेंढ्यांच्या दातांवर दाखवलं की साधारण वर्षभरात मुळाची ताकद निम्म्यावर येते. त्याआधी १९९२ मध्ये क्वेक यांनी अशा उपचारानंतर मानेपाशी मुळं मोडण्याचं प्रमाण दिलं होतं: बऱ्यापैकी वाढलेल्या मुळांत २८ टक्के, अगदी अपुऱ्या मुळांत ७७ टक्के. हे आकडे ज्याने वाचलेत त्याला कॅल्शियम हायड्रॉक्साइडची धास्ती वाटणारच. त्यात मूळ मुळातच पातळ असणं हाही मोठा भाग आहे. आपल्याला ते दोन ते चार आठवडे ठेवायचंय. एवढ्या काळात ते नुकसान होत नाही, मात्र पेशंट 'परीक्षा आहे, नंतर येतो' म्हणून चार महिने गायब झाला तर हिशेब बदलतो. पालकांना तारीख लिहून द्या आणि ती चुकली तर फोन करा. आणि घट्ट ट्रिपल पेस्टही डेंटिनला निरुपद्रवी नाही. ती आम्लधर्मी असते, पृष्ठभागाचे क्षार ओढून घेते आणि जास्त काळ राहिली तर तीही कठीणपणा कमी करते.

'सुरक्षित कशाच्या आधारावर' हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. बहुतेक पेपरमध्ये एमटीटी नावाची चाचणी असते. जिवंत पेशी एका पिवळ्या द्रव्याचं जांभळं करतात, रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत. आयएसओ १०९९३ च्या पाचव्या भागाप्रमाणे जिवंतपणा ३० टक्क्यांहून जास्त घटला तर पदार्थ पेशींना विषारी धरतात. चाचणी चांगली आहे, पण ती एक-दोन-तीन दिवसांची गोष्ट सांगते. जगलेली पेशी पुढे डेंटिन बनवणारी होईल की नुसती जगेल, हे तिच्यात कळत नाही. म्हणून पेपर हातात आला की मी निकालाच्या आधी पद्धत वाचतो. पेशी कुठल्या, माणसाच्या एपिकल पॅपिलातल्या की उंदराच्या त्वचेतल्या? औषधाचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये दिलंय की नुसतं 'पेस्ट' म्हटलंय? मधे डेंटिन आहे का?

डेंटिन मधे असलं की दोन्ही बाजूंनी चित्र बदलतं. हापासालो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं की डेंटिनची पूड मिसळली की कॅल्शियम हायड्रॉक्साइडची जंतू मारण्याची ताकद पार निघून जाते. जे डेंटिन पेशींना त्याच्या अल्कलीपासून वाचवतं, तेच जंतूंनाही वाचवतं. एन्टेरोकॉकस फीकॅलिससारखा जंतू तर पेशीत प्रोटॉन ओढून घेणाऱ्या पंपाच्या जोरावर या अल्कलीत टिकून राहतो. त्यामुळे कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं म्हणजे जंतूंची काळजी मिटली, असं कृपा करून समजू नका.

ही काळजी मला औषधाच्या विषारीपणापेक्षा मोठी वाटते. वर्मा, फुआद आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये फेरेट प्राण्यांच्या दातांवर केलेल्या कामात उपचारानंतर आत उरलेले जंतू आणि मूळ न वाढणं यांचा थेट संबंध दिसला. पेशी वाचाव्यात म्हणून सफाईत हात आखडता घेतला तर पेशींचं भलं होत नाही. उरलेला संसर्ग आणि मेलेल्या जंतूंच्या भिंतीतली विषद्रव्यं, दोन्ही मूलपेशींना वाढू देत नाहीत. बरं, इथे फाईल घासून सफाई करता येत नाही, भिंती आधीच कागदासारख्या. म्हणजे सगळी भिस्त धुण्यावर.

म्हणून औषधाच्या प्रश्नात इरिगेशन, म्हणजे कॅनाल धुणं, आलंच पाहिजे. तेही पेशींना लागतंच. मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सोडियम हायपोक्लोराइटची (कॅनाल धुण्याच्या जंतुनाशक ब्लीचची) वेगवेगळी प्रमाणं तपासली. ६ टक्क्यांनी धुतलेल्या डेंटिनवर पेशी कमी तगल्या आणि ओडोन्टोब्लास्टच्या (डेंटिन बनवणाऱ्या पेशीच्या) दिशेने जाण्याची त्यांची खूणही मंदावली. १.५ टक्के आणि त्यानंतर १७ टक्के ईडीटीए, या जोडीत निकाल सगळ्यात चांगला होता. ईडीटीए हायपोक्लोराइटचं नुकसान बऱ्याच अंशी भरून काढतं. ते डेंटिनचा क्षारांचा थर उघडतं आणि दात घडताना त्यात अडकून राहिलेले टीजीएफ-बीटासारखे वाढीचे घटक मोकळे करतं.

कामाच्या भाषेत सांगायचं तर दीड टक्क्यासाठी ३ टक्क्यांची बाटली असेल तर तेवढंच निर्जंतुक पाणी घाला. ५.२५ टक्क्यांची असेल तर एका भागाला अडीच भाग पाणी. बाजूला छिद्र असलेली सुई, टोकापासून एक मिलिमीटर आत थांबलेली, वीस मिलिलिटर, पाच मिनिटं लावून, जोर न देता. उघड्या टोकातून हायपोक्लोराइट बाहेर गेलं तर मुलाचा गाल काही मिनिटांत सुजतो आणि पेशींची चर्चा बाजूला राहते. क्लोरहेक्सिडीन यात नको. २ टक्क्यांच्या क्लोरहेक्सिडीननंतर डेंटिनवर पेशी जगत नाहीत हे २०११ मध्ये ट्रेव्हिनो यांच्या कामात दिसलं, आणि हायपोक्लोराइटशी गाठ पडली की तपकिरी गाळ बसतो तो वेगळाच.

आता कॅल्शियम हायड्रॉक्साइडने काम झालं नाही तर? तीन-चार आठवड्यांनी मूल आलं आणि फोड तसाच आहे, किंवा उघडल्यावर पू येतोय, तर मी पुन्हा नीट धुऊन आणखी एकदा औषध भरतो, आणि इथे अँटिबायोटिक मिश्रणाला जागा आहे. पुढच्या दातात मिनोसायक्लिन मी घालत नाही. ते कॅल्शियमला धरून बसतं आणि दात करडा-निळसर होतो, तो रंग ब्लीचिंगनेही पूर्ण जातोच असं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी पुरते. प्रमाणासाठी मिलिग्रॅम मोजणारा काटा लागतो, आणि गोळीवर लिहिलेले ५०० हे औषधाचं वजन असतं, गोळी त्याहून जड असते हे लक्षात ठेवावं लागतं. महाराष्ट्रात बहुतेक तालुक्यांच्या आसपास फार्मसी कॉलेज आहे. तिथल्या प्राध्यापकांना भेटा, शुद्ध पावडर आणि मिथाइल सेल्युलोजच्या जेलमध्ये १ ते ५ मिलिग्रॅमचं मिश्रण कसं करायचं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. भरण्याआधी पालकांना अॅलर्जीबद्दल विचारा. पल्प चेंबरच्या भिंतींना आधी बाँडिंग लावून घ्या आणि मिश्रण हिरडीच्या पातळीच्या खाली ठेवा. युरोपियन एंडोडॉन्टॉलॉजी संस्थेने २०१६ च्या आपल्या भूमिकेत अँटिबायोटिक पेस्टऐवजी कॅल्शियम हायड्रॉक्साइडच सुचवलंय. रंग, पेशींवरचा परिणाम, अॅलर्जी आणि काढायला अवघड, ही त्यांची कारणं. मी त्यांच्या बाजूचा आहे, पण चिवट संसर्गात पातळ मिश्रणाची वाट मी बंद करणार नाही.

कपाटातल्या दोन गोष्टी मात्र इथे हात लावायच्या नाहीत. एक, दुधाच्या दातांसाठी आपण सर्रास वापरतो ती कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्मची तेलकट पिवळी सिरिंज. तिच्या नावात कॅल्शियम हायड्रॉक्साइड असलं तरी सिलिकॉन तेलाचा थर भिंतीवरून पाण्याने सुटत नाही, आणि सुटत नाही तिथे पेशी चिकटत नाहीत. दोन, फॉर्मोक्रेसॉल. त्यातल्या फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. नऊ वर्षांच्या मुलाच्या उघड्या टोकाच्या दातात ते ठेवण्याचं एकही कारण मला सुचत नाही.

दुसऱ्या भेटीबद्दल थोडं, कारण औषधाचा खरा निकाल तिथे लागतो. भूल अॅड्रिनलिन नसलेली द्या. ३ टक्के मेपिवाकेन मिळालं तर उत्तम, नाहीतर साधं लिग्नोकेन, कारण अॅड्रिनलिनने रक्त यायचंच थांबतं. रबर डॅम लावा, वरची सील काढा. आधी सलाइनने हलकेच धुतलं की सक्शनच्या नळीत पांढरे कण जाताना दिसतात. मग १७ टक्के ईडीटीए, वीस मिलिलिटर, सावकाश. पाणी स्वच्छ यायला लागलं तरी थांबू नका. भिंतीवर अजून पातळ साय असते, मॅग्निफिकेशनखाली ती दिसते. या भेटीत हायपोक्लोराइट नको. शेवटी सलाइन, पेपर पॉइंटने कोरडं, आणि टोक थोडं वाकवलेली के फाईल उघड्या टोकाच्या दोन मिलिमीटर पलीकडे फिरवून रक्त आणायचं. लव्हलेस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या रक्तात मूलपेशींच्या खुणा शरीरातल्या नेहमीच्या रक्तापेक्षा सहाशे पटीपर्यंत जास्त मोजल्या होत्या. रक्त वर चढतं, तीन-चार मिलिमीटर जागा उरेल तिथे सलाइनचा ओला बोळा धरून थांबवा, दहा-पंधरा मिनिटांत गुठळी धरते. तिच्यावर कोलॅजन आणि मग एमटीए किंवा बायोडेन्टिन यांपैकी एक दाताचं सिमेंट. पुढच्या दातात बिस्मथ ऑक्साइड असलेलं एमटीए टाळा. मिनोसायक्लिन गाळून एवढं सांभाळलेला रंग शेवटच्या टप्प्यावर त्यानेच बिघडतो.

रक्त आलंच नाही तर घाई करून खोल टोचू नका. अशा वेळी पेशंटच्या स्वतःच्या रक्तातून केलेलं पीआरएफ (प्लेटलेट भरपूर असलेलं फायब्रिन) उपयोगी पडतं. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत त्याचं यंत्र आहे.

अँटिबायोटिक घातलेले नॅनोफायबर, हळूहळू औषध सोडणारी हायड्रोजेल, कायटोसॅनचे सूक्ष्म कण, प्रोपोलिस, हळदीतलं कर्क्युमिन, असं बरंच काही प्रयोगशाळेत चाललंय. नॅनोफायबरमागची कल्पना मला पटते, कारण त्यात अगदी थोडं औषध नेमकेपणाने सोडता येतं. पण मुलाच्या दातात घालण्याइतका माणसांवरचा अनुभव यातल्या कशाचाही अजून नाही. 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून पेशींना सोसतं असं तर अजिबात धरू नका. प्रोपोलिस असो की हळद, प्रमाण वाढवलं की पेशी मरतातच.

पालकांशी बोलताना 'दात पुन्हा जिवंत होईल' असं सांगू नका. कॅनालमध्ये जी ऊती तयार होते ती काढलेल्या दातांच्या तपासणीत बहुतेक वेळा सिमेंटमसारखी (मुळावरच्या कठीण आवरणासारखी), हाडासारखी निघाली आहे. खराखुरा पल्प क्वचित. आपलं पहिलं उद्दिष्ट दुखणं आणि फोड जाणं, हाड भरून येणं. मूळ जाड-लांब होणं हे त्यापुढचं. थंडाची जाणीव परत येणं त्याहून पुढचं. थायलंडमधल्या जीरूफान आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात रिव्हॅस्क्युलरायझेशन केलेले सगळे दात टिकले होते, एमटीए अपेक्सिफिकेशनचे ९५ टक्के आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड अपेक्सिफिकेशनचे ७७ टक्के. केसेस थोड्या होत्या, तरी या मुलाला हा दात अजून साठ वर्षं वापरायचाय हे लक्षात घेता एवढी खटपट मला रास्त वाटते.

सहा ते बारा महिन्यांत एक्स-रेवर टोकाखालचा काळा डाग भरताना दिसायला हवा, भिंतीची जाडी बारा ते चोवीस महिन्यांत, लांबी त्यानंतर. केस पेपरवर औषधाचं नुसतं नाव लिहू नका. मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, कशात कालवलं, कॅनालच्या कुठल्या पातळीपर्यंत आणि किती दिवस, हे चारही लिहा, आणि भरल्यानंतरचा एक्स-रे सोबत ठेवा. पहिल्या भेटीनंतर फोड गेला नाही तर कळवा, तो एक्स-रे घेऊन पुढचं ठरवू.